गरम पाण्यात मऊ होणारे प्लास्टिकचे मणी: दहा महिने वापरल्यावर

गेल्या सप्टेंबरात आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, अंगठ्याला फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, करून दिली. पांढरा कडक तुकडा त्यांनी गरम पाण्याच्या ट्रेमध्ये टाकला. मिनिटभरात तो पापडाच्या लाटीसारखा लिबलिबीत झाला. टॉवेलवर टिपून त्यांनी तो आईंच्या अंगठ्याभोवती बसवला आणि पाचेक मिनिटांत तो परत टणक. आई कण्हत होत्या आणि मी मात्र त्या तुकड्याकडेच बघत होते. घरी येऊन शोधलं, तर त्याच जातकुळीचं प्लास्टिक साबुदाण्याएवढ्या मण्यांच्या रूपात मिळतं असं कळलं. पाचशे ग्रॅमची पुडी मागवली. तेव्हापासून नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात एक जुनं स्टीलचं पातेलं याच कामाला लागलेलं आहे.

या पदार्थाचं नाव पॉलिकॅप्रोलॅक्टोन. साधारण ६० अंश सेल्सिअसला तो वितळतो, बाकी बहुतेक प्लास्टिकच्या मानाने फारच लवकर. गंमत म्हणजे १९३० च्या दशकात तो पहिल्यांदा बनवला तो अमेरिकेतल्या वॉलेस कॅरोथर्सच्या चमूने. हा तोच माणूस, ज्याने नायलॉन शोधलं. म्हणजे दर संक्रांतीला नाशकात आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो, ज्यावर २०१७ साली हरित लवादाने बंदी घातली, त्या नायलॉन मांज्याचा हा चुलतभाऊ म्हणायचा. निदान हा कुणाचा गळा कापत नाही.

आता करायचं कसं ते. पुडीवर लिहिलं होतं ‘उकळत्या पाण्यात टाका’. टाकू नका. पहिल्या दिवशी मी गॅस चालू ठेवून मणी टाकले, ते तळाला जाऊन बसले (पाण्यापेक्षा जड असतात) आणि पातेल्याला असे चिकटले की उलथण्याने खरवडून काढावे लागले. आता मी पाणी तापवते, तळाशी बारीक मोत्यासारखे बुडबुडे दिसायला लागले की गॅस बंद करते आणि मग मणी टाकते. दोन-तीन मिनिटांत पांढरे मणी काचेसारखे पारदर्शक होतात, एकमेकांना धरतात. सगळे पारदर्शक झाले की चमच्याने गोळा करून बाहेर. एखादा दाणा पांढरा राहिला तर तो मळताना खड्यासारखा टोचतो आणि वस्तूत कच्चा राहतो. गिझरच्या पाण्यावर भागेल असं वाटलं होतं. आमच्या गिझरच्या पाण्यात मणी नुसते डुंबत बसले.

मळताना एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. गोळ्याच्या घडीत गरम पाणी अडकतं. वरून गोळा हाताला सोसवेल इतका निवलेला असतो, पण दाबला की आतून कढत पाण्याची पिचकारी उडते. माझ्या तळहातावर फोड आला, तोही ऐन नवरात्रात. तेव्हापासून गोळा बाहेर काढला की आधी कणकेसारखा लांब ओढायचा, मोडायचा, पाणी झटकायचं, पुन्हा पाण्यात बुडवायचा आणि मगच आकार द्यायचा. मुलांच्या हातात मोठा गोळा द्यायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

पहिलं खरं काम आईंच्या पीलरचं. संधिवातामुळे त्यांची मूठ पूर्ण मिटत नाही, आणि बाजारातले पीलर सगळे काडीसारखे. साधारण चाळीस ग्रॅमचा गोळा पीलरच्या दांड्याभोवती गुंडाळला, सोसवेल इतका निवू दिला आणि आईंना म्हटलं, धरा. त्यांनी बटाटा सोलायला धरावा तसा धरला. मी म्हटलं, हलवू नका. त्या हलल्याच, कारण मध्येच दारावर भाजीवाला ओरडला आणि त्यांना मेथी हवी होती. पण दुसऱ्यांदा नीट धरलं. गोळा हळूहळू काचेसारखा होता तो दुधी झाला, दुधीचा पांढरा झाला. मग मूठ सोडवली तेव्हा चार बोटांच्या चार खाचा, अंगठ्याची एक, आणि करंगळीशेजारच्या बोटाच्या खाचेत त्यांच्या अंगठीचा बारीक नक्षीसकट ठसा. तो पीलर मी धरला तर मला बोचतो. त्यांच्या हातात मात्र बसतो. आज दहा महिने झाले, रोज वापरात आहे. टूथब्रश आणि लॅचच्या किल्लीलाही अशाच मुठी केल्या. किल्ली फिरवताना होणारी त्यांची चिडचिड थांबली, एवढ्यावर माझे पैसे वसूल झाले.

पळीचं मात्र फसलं. त्याच उत्साहात आमटीच्या पळीला मूठ केली. आईंनी सवयीप्रमाणे पळी पातेल्यातच ठेवून झाकण टाकलं. दांडा तापला, मूठ मऊ पडली आणि सरकून आमटीच्या काठाला लोंबायला लागली. आमटी ओतून द्यावी लागली, कारण रंगाचं वगैरे काही नसलं तरी वितळलेलं प्लास्टिक अन्नात नको. गॅसजवळचं काहीही, कढई, सांडशी, कुकर, याच्या वाट्याला जायचंच नाही. शेजारच्या काकू कुकरचा तुटलेला कान घेऊन आल्या होत्या. त्यांना हात जोडले.

डिसेंबरात मुलीच्या शाळेचं गॅदरिंग. विषय रामायण, आणि हिच्या वाट्याला शूर्पणखा. नाशिकमध्ये शूर्पणखा म्हणजे काय ते सांगायला नको, गावाचं नावच तिच्या नाकावरून पडलं असं पंचवटीतला प्रत्येक रिक्षावाला पर्यटकांना सांगतो. म्हणजे नाक असं हवं की लक्ष्मणाने कापलं की पडलं पाहिजे. मुलीच्या चेहऱ्यावर गरम गोळा लावायचा प्रश्नच नव्हता. मोठा बटाटा घेतला, सुरीने तासून नाकाचा आकार दिला, त्याला तेलाचा हात फिरवला (नाहीतर सुटत नाही) आणि त्यावर पातळ थर बसवला. गार झाल्यावर बटाटा खालून चमच्याने कोरून काढला. आत पोकळ, हलकं, बाकदार नाक तयार.

रंगाचा प्रश्न आला. आधी रांगोळीचा रंग मळून पाहिला. त्यात रेव असते, नाक पॉलिश पेपरसारखं झालं. मग कुंड्यांना लावायचा गेरू बारीक चाळून मळला आणि काय सुंदर राक्षसी तांबूस रंग आला! कोरडी बारीक पूड मळली की रंग आतपर्यंत जातो. वरून दिलेला अॅक्रेलिक रंग नखाने सोलून निघतो, त्याच्या नादी लागू नका. नाकाला कडेने भोकं पाडून इलॅस्टिक ओवलं. भोकं ड्रिलने पाडताना घर्षणाने प्लास्टिक वितळून बिटला गुंडाळलं जात होतं, म्हणून शेवटी दाभण मेणबत्तीवर तापवून पाडली. रंगमंचावर लक्ष्मणाने पुठ्ठ्याची तलवार फिरवली, मुलीने मागून इलॅस्टिक सोडलं आणि नाक टक् करून फळ्यांवर पडलं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शिट्टी मारली. सीतेच्या आईने पुढच्या वर्षीसाठी हनुमानाच्या तोंडाची ऑर्डर देऊन टाकली, फुकटची.

हिवाळ्यात हे मणी सोन्यासारखे. गोळा पटकन आवळतो, वस्तू टणक राहतात. संक्रांतीला मुलाच्या आसारीचा (मांजा गुंडाळायच्या फिरकीचा) तुटलेला दांडा याच मण्यांनी जोडला, लाकडात दोन भोकं पाडून त्यात गोळा दाबला. त्याशिवाय पकड येत नाही. लोखंड-स्टीललाही हे खऱ्या अर्थाने चिकटत नाही, नुसतं कवटाळतं. धातू गार असेल तर गोळा त्याला टेकताक्षणी आकसतो आणि नंतर मूठ गोल गोल फिरायला लागते. आधी धातू गरम पाण्यात बुडवून घ्या, पॉलिश पेपरने खरवडा आणि शक्य असेल तिथे गोळा टोकावरून वळवून मागे आणा. पीव्हीसीच्या पाइपला मात्र गरम गोळा असा धरतो की काढताना पाइपचा रंग निघतो. दुधाच्या पिशवीला अजिबात धरत नाही, म्हणून मी ओट्यावर पिशवी पसरूनच मळते.

मामांची कात्री ही वेगळीच कथा. माझ्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी त्यांच्या कात्रीच्या दांड्यावरचं प्लास्टिक फाटलेलं होतं आणि ते त्यावर सुतळी गुंडाळून काम भागवत होते. दिवसभर शेकडो काड्या छाटायच्या म्हणजे तळहाताचं काय होत असेल! मी त्यांच्या घरी चूल पेटवून पाणी तापवलं आणि दोन्ही दांड्यांना त्यांच्या हाताच्या मापाच्या मुठी बसवल्या. मामा आधी हसले. दोन दिवसांनी फोन आला, “अगं पोरी, गड्याच्या कात्रीला पण करून दे, त्यो माझी पळवतोय.” निफाडच्या थंडीत त्या मुठी दगडासारख्या टिकल्या.

एप्रिलमध्ये खरड छाटणी आली. दुपारी जेवायला बसताना मामांनी कात्री बांधावर उन्हात ठेवली. तासाभराने उचलली तर लोखंड तापलेलं आणि मूठ मऊ पडलेली. मामांनी आवळली तशी ती बोटांतून वर आली. फोनवर म्हणाले, “गुळाची ढेप झाली बघ तुझ्या मुठीची!” खरं तर वाया काहीच गेलं नव्हतं. पुढच्या रविवारी गेले, गरम पाण्यात बुडवून पुन्हा त्यांच्याकडून आवळून घेतली. आता कात्री ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. पण प्रत्येक वेळी नाशिकहून भाची येणार का मूठ बसवायला, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

आमच्या घरातही एप्रिल-मेने अशीच झडती घेतली. गाडीत डॅशबोर्डवर मोबाइल ठेवायला केलेला स्टँड, हिवाळाभर झकास चालला होता. मे महिन्यात गोल्फ क्लब मैदानाजवळ दुपारी गाडी उन्हात लावली. बंद गाडीत डॅशबोर्ड साठ अंशांच्या वर सहज जातो, हे मला ठाऊक असून लक्षात आलं नाही. परत आलो तर स्टँडच्या जागी लोळागोळा, आणि तो डॅशबोर्डच्या नक्षीत रुतून बसलेला. दोन दिवस ह्यांनी माझ्याशी गाडीचा विषय काढला नाही, यावरून समजून घ्या. दारामागे पिशवी अडकवायला केलेला हूक वितळला नाही, पण चार किलोच्या वजनाने दोन महिन्यांत हळूहळू वाकून सरळ खाली झाला. सतत ओझं असलेल्या जागी हे प्लास्टिक धीम्या गतीने ताणत जातं. हूक करायचाच तर आत जाड तार घाला.

पुडीवर हिरव्या पानाचं चित्र होतं. मातीतले जीवाणू हे प्लास्टिक खातात हे खरं, शरीरात विरघळणाऱ्या काही टाक्यांच्या धाग्यांतही याचाच भाऊबंद असतो. पण नाण्याएवढा तुकडा मी जानेवारीत जास्वंदीच्या कुंडीत पुरला होता. जूनमध्ये उकरला तर कडा थोड्या खडबडीत, बाकी जसाच्या तसा. तेव्हा टाकून द्यायचं म्हणून याकडे बघू नका, आणि टाकायची वेळही येत नाही. पळीची मूठ, डॅशबोर्डचा लोळा, वाकलेला हूक, सगळं धुऊन पुन्हा पातेल्यात गेलं आणि दुसऱ्या कशाचा तरी भाग झालं. एम-सीलच्या पुडीच्या मानाने हे बरंच महाग आहे. पण एम-सील एकदा चुकलं की चुकलं, इथे चूक गरम पाण्यात टाकता येते. फक्त गेरू मळलेलं पुन्हा पांढरं होत नाही, त्याची वेगळी बरणी ठेवली आहे. पांढऱ्या वस्तू हाताच्या मळाने करड्या होतात, घासून थोड्या उजळतात, पण पॉलिश पेपर लावायला जाऊ नका, नुसती लव निघते.

दुसरी पुडी स्वस्त म्हणून वेगळ्या विक्रेत्याकडून घेतली होती. ते मणी काही केल्या पूर्ण पारदर्शक होत नव्हते आणि वस्तू वाकवली की तडकत होती. परत पाठवली. पैसे मिळायला तीन आठवडे आणि सात फोन लागले. तेव्हा मोठी पुडी घेण्याआधी छोटी घेऊन एक मूठ करून बघा.

सध्या पहिल्या पुडीतले मूठभर मणी उरलेत, शिवाय शूर्पणखेचं नाक, जे मुलगी वितळवू देत नाही. आई परवा लाटणं घेऊन आल्या, म्हणाल्या, “याच्या दोन्ही टोकांना कर गं.” लाटण्याला चालेल. फक्त तव्याच्या बाजूला ठेवायचं नाही असं त्यांना तीनदा सांगितलंय, आणि चौथ्यांदा ओट्यावर खडूने रेघ मारून दिली आहे.