“लायसन नको, पासिंग नको” म्हणून विकलेली इलेक्ट्रिक सायकल

माझी भाची दहावीत आहे. विश्रामबागेतल्या क्लासला जायला ताईने तिला सांगलीतल्याच एका दुकानातून इलेक्ट्रिक सायकल घेतली. जाड टायरची, पॅडल असलेली. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, “मॅडम, लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. सरकारी नियमातच बसते.” पक्कं बिल दिलं, त्यावर वेग ताशी २५ किलोमीटर. सोबत टेस्टिंगच्या प्रमाणपत्राची झेरॉक्सही दिली.

गाडी ताब्यात देताना मात्र त्यांच्या मेकॅनिकने कंट्रोलरमधल्या, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या डबीतल्या, वायरची एक जोडणी सोडली. “लॉक काढलंय, आता चढावर दम लागणार नाही,” एवढंच बोलला. वेगाची मर्यादा त्या जोडणीनेच बांधलेली होती. ताईला वाटलं, सर्व्हिसिंगचा भाग असेल.

क्लासच्या वाटेवर आरटीओच्या वायुवेग पथकाने सायकल अडवली. पॅडल न मारता ती ४५च्या वेगाने धावत होती. सायकल जप्त झाली, नोंदणी नाही, लायसन नाही, विमा नाही म्हणून दंड लागला, आणि अधिकाऱ्यांनी ताईला मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ वाचून दाखवलं. अल्पवयीन मुलाच्या हाती मोटार वाहन दिलं तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. एका साध्या गृहिणीला रस्त्याच्या कडेला उभं राहून हे ऐकावं लागलं, याचा संताप माझ्या मनातून अजून जात नाही.

सवलत आहे, हे खरंच. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची सलग अर्धा तास टिकणारी ताकद २५० वॅटच्या आत आणि कमाल वेग ताशी २५च्या आत असेल, तरच ती गाडी मोटार वाहन धरली जात नाही. पॅडलला मदत करणाऱ्या सायकलची मोटर तर २५चा वेग गाठला की किंवा पॅडल मारणं थांबवलं की बंदच पडली पाहिजे. चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टरही हवा. शिवाय हे सगळं पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेने तपासून मंजूर केलेलं असावं लागतं. लॉक सुटलं की सवलतही सुटली.

पुढे मी कागद घेऊन बसलो तेव्हा डाव उलगडला. प्रमाणपत्रावरचं मॉडेल वेगळं आणि सायकलच्या फ्रेमवरच्या पट्टीवरचं वेगळं. मोटरवर २५० वॅटचं स्टिकर, पण कंट्रोलरवर ४८ व्होल्ट, २५ अँपिअर छापलेलं. गुणाकार केला तर १२०० वॅट होतात. सुरुवातीच्या झटक्याला मोटर थोडी जास्त ताकद ओढते हे मान्य, पण इतकी तफावत त्यात बसत नाही.

दुकानदाराचं उत्तर तयारच होतं: “आम्ही २५चीच विकली, लॉक तुम्ही काढलं.” म्हणजे ते पक्कं बिल गिऱ्हाईकासाठी नव्हतंच, त्याच्या बचावासाठी होतं.

दंडापेक्षा मला भीती वाटते ती ब्रेकची. २५ ऐवजी ४५चा वेग असला, की नुसत्या ब्रेकवर थांबायला तिपटीहून जास्त अंतर लागतं. समोर कुणी आलं असतं तर? विमा नसताना भरपाईचा बोजा थेट ताईवर आला असता. सायकलला हेल्मेट सक्तीचं नाही असं धरल्यामुळे पोरीच्या डोक्यावर तेही नव्हतं.

म्हणून दुकानात पैसे मोजण्याआधी प्रमाणपत्रावरचं मॉडेल आणि फ्रेमवरची पट्टी शेजारी धरून जुळवा, दोन्हींचे फोटो काढा. मोकळ्या रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघा. चाक अधांतरी फिरवून दाखवलेला आकडा धरू नका, वजनाशिवाय तो जास्तच येतो. “वेग वाढवून देतो” असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. असे बदल करून गाडी विकणाऱ्याला कलम १८२अ खाली दर गाडीमागे १ लाख रुपये दंड होऊ शकतो.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. खरेदी ५ लाखांच्या आतली असेल तर आयोगाची फी लागत नाही, आणि तक्रारीला २ वर्षांची मुदत असते. “लॉक काढून दिलंय, बिनधास्त चालवा” हा मेकॅनिकचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाज आमच्याकडे आहे. तुम्हालाही अशी सायकल मिळाली असेल तर ती जोडणी आधी पूर्ववत करून घ्या, पण दुकानाचे मेसेज पुसू नका.