गॅलरीतलं सुतारकाम: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरून झालेली हत्यारं

मुलुंडच्या आमच्या फ्लॅटची बंदिस्त गॅलरी साडेतीन फूट रुंद, नऊ फूट लांब. एका टोकाला वॉशिंग मशीन, दुसऱ्या टोकाला माझं सुतारकाम. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हत्यारं जमवायला घेतली, आता उन्हाळा लागलाय. एवढ्यात चपलांचं कपाट, मुलीचं अभ्यासाचं टेबल, एक स्टूल आणि सागाचा छोटा देव्हारा एवढं उरकलं. काम हौशीच आहे, पण हत्यारं पेटीत पडून राहिलेली नाहीत, म्हणून आता त्यांच्याबद्दल बोलायला हरकत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये पहिला पैसा दोन गोष्टींवर घालावा: धार लावायच्या सामानावर आणि लाकूड घट्ट धरून ठेवायच्या सामानावर. मशीनचा नंबर त्यानंतर. यूट्यूबवरचे बहुतेक लोक टेबल सॉपासून, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल पात्याच्या विजेच्या करवतीपासून, सुरुवात करतात, कारण त्यांच्याकडे गॅरेज असतं आणि भिंतीपलीकडे कोणी दुपारची झोप काढत नसतं.

आधी धार. नव्या पटाशीला दुकानातून येते ती फक्त कच्ची धार, काम करायची धार आपणच लावायची असते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दोन बाजूंचा कार्बोरंडमचा निसणा स्वस्त आहे आणि तुटलेली कड सरळ करायला पुरेसा आहे, पण त्याने लावलेल्या धारेवर ओरखडे राहतात. सागाच्या आडव्या कापात अशी पटाशी घातली की लाकूड कापलं जात नाही, चुरडतं. माझी पद्धत अशी: काचवाल्याकडून १० मि.मी. जाड काचेचा फूटभर तुकडा कापून आणला, कडा घासून घेतल्या. त्यावर रंगाच्या दुकानातला वॉटर पेपर पाणी मारून चिकटवायचा, ४०० नंबर, मग १०००, मग २०००. शेवटी फळीवर डकवलेल्या चामड्याच्या पट्टीवर हिरवी पॉलिशची कांडी घासून चार-पाच हात मागे ओढायचे. मनगटावरचे केस सहज निघतात. सगळं मिळून खर्च पाचशेच्या आत.

पण वॉटर पेपर झिजतो आणि पावसाळ्यात ओल्या कागदांचा पसारा बाईसाहेबांना आवडत नाही, म्हणून दिवाळीच्या सुमारास डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याची बारीक कणी बसवलेली धातूची पट्टी, घेतली. सगळ्या खरेदीत याच पैशांचं मला सर्वात जास्त समाधान आहे. ती खोलगट होत नाही, भिजवून ठेवावी लागत नाही, दोन मिनिटांत काम होतं. धार लावणं सोपं झालं की माणूस ती लावतो, नाहीतर बोथट पटाशीवर मोगरीचा (लाकडी हातोड्याचा) जोर वाढवत बसतो, आणि तीच पटाशी हात कापते.

कोन धरायला चाकाचं होनिंग गाइड घ्या, साधं, दोन्ही बाजूंनी आवळणारं. पटाशी पुढे ३० मि.मी. काढून आवळली तर ३० अंश मिळतो, ४० मि.मी. काढली तर २५. रंध्याच्या पात्याला हीच मापं ३८ आणि ५०. एका पट्टीवर या मापांचे खिळे ठोकून ठेवले की दर वेळी मोजायला नको. सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याकडे पटाशी मात्र देऊ नका. सुरी-कात्रीला तो ठीक आहे, पण त्याच्या सुक्या चाकावर पोलाद तापतं, आणि टोक निळसर पडलं की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं असं समजा. तो भाग झिजून जाईपर्यंत धार टिकत नाही.

पटाश्या, गुण्या, कानस असली हातहत्यारं मी नागदेवी स्ट्रीटवरून घेतली. मस्जिद स्टेशनला उतरून चालत जायचं, रविवारी जाऊ नका. ऑनलाइनपेक्षा भाव थोडा कमी पडतो, पण जायचं कारण भाव नाही. तिथे हत्यार हातात घेता येतं. पटाशीची पाठ स्टीलच्या पट्टीला लावून उजेडाकडे धरायची. मध्ये उजेड दिसला तर थोडी खोलगट आहे, चालेल. पाठ फुगीर असेल तर परत ठेवा, ती सपाट करण्यात अख्खी संध्याकाळ जाते. बहुतेक दुकानदार न कुरकुरता चार-पाच नग काढून दाखवतात. माप सुतात सांगितलं की लगेच कळतं: दोन सूत, चार सूत, सहा सूत आणि एक इंच, एवढ्या चार पटाश्यांवर माझं सगळं काम झालं. आठ किंवा बारा पटाश्यांचा लाकडी खोक्यातला संच दिसायला छान असतो. त्यातल्या निम्म्यांना तुम्ही एकदाच धार लावाल.

चोर बाजाराचा एक फेरा मात्र जरूर करा. शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जो माल मांडतात त्यात जुन्या, इंग्लंडमधल्या शेफिल्डचा छाप असलेल्या पटाश्या कधीकधी मिळतात. दांडा तुटका असला तरी हरकत नाही, गंज वरवरचा असला तरी हरकत नाही. पाठीला, धारेजवळ, गंजाचे खड्डे पडलेले असतील तर सोडून द्या, कारण ते खड्डे धारेत उतरतात आणि प्रत्येक कापाला रेघ उमटते. घासाघीस तुमच्या स्वभावावर.

करवतीच्या बाबतीत मी जपानी पद्धतीच्या, ओढून कापणाऱ्या करवतीकडे वळलो आणि तिथेच राहिलो. आपले जुने सुतार जमिनीवर बसून पायाने फळी दाबत, आणि त्यांच्या करवतीसुद्धा ओढताना कापणाऱ्या असत, त्यामुळे हा प्रकार परका वाटत नाही. पातं पातळ, काप बारीक, आणि आवाज इतका कमी की रात्री साडेनऊला सांधा कापला तरी शेजारी कळत नाही. तोटा एकच: दात खास तापवून कडक केलेले असतात, कानस त्यावर घसरते. बोथट झालं की पातं बदलायचं. शिवाय जुन्या सागात खिळा लागला की दोन-तीन दात गेलेच. ज्यांना तिकोनी कानस चालवता येते त्यांनी साधी करवत घ्यावी, ती पिढीभर चालते.

रंधा लोखंडी, नंबर ५ चा, १४ इंची. लाकडी रंधा हाताला हलका आणि गोड असतो, पण पावसाळ्यात त्याचं अंग फुगतं आणि पाचर अडकून बसते. लोखंडी रंधा कोणत्याही देशी कंपनीचा घ्या, पेटीतून काढल्या काढल्या चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. काचेवर १२० नंबरचा पेपर चिकटवून तळ घासायचा, पात्याची पाठ सपाट करायची, पात्यावर बसणारी पट्टी नीट टेकते का ते पाहायचं. तेवढं झाल्यावर माझ्या रंध्याने सागाचा असा पातळ पापुद्रा काढलाय की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. पॉलिश पेपरचं बरंचसं काम रंधा आणि स्क्रेपरची पत्र्याची पट्टी मिळून करतात, आणि त्यात धूळ उडत नाही. वन बीएचकेत ही गोष्ट फार मोठी आहे. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध असलेल्या पदार्थांत टाकलंय. मी सँडर घेतलेला नाही. हाताने घासतानाही एन-९५ मास्क लावतो, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता) असेल तर नक्कीच.

आता पकड. लाकूड आवळून धरायचे सहा एफ क्लॅम्प आणि चार छोटे जी क्लॅम्प आहेत, आणि फेव्हिकॉल लावून झाल्यावर दर वेळी वाटतं की अजून दोन हवे होते. एक स्वस्त संच ऑनलाइन मागवला होता, त्यातल्या दोघांचे बिडाचे जबडे आवळताना तुटले. दुकानात घेताना क्लॅम्प पूर्ण आवळून बघा: दांडी धनुष्यासारखी वाकली तर सांध्यावर दाब सरळ बसत नाही.

घडीचं वर्कबेंच मी एका मित्राकडे वापरून पाहिलं. रंधा मारला की ते जागेवरून सरकायला लागतं. त्याऐवजी १८ मि.मी. प्लायचे दोन थर चिकटवून जाड फळा केला, त्याला एका कडेला लाकूड पकडायचा शेगडा (व्हाइस) बसवला आणि तो गॅलरीच्या भिंतीला टेकणाऱ्या जड पायांवर ठेवला. रंधाकाम मात्र खाली बसूनच करतो, फळीला पुढे अडणी ठोकलेला पाट घेऊन. पाठीचं म्हणाल तर पहिले काही दिवस त्रास झाला, मग सवय झाली.

एक अडचण निघाली ती आवाजाची. मोगरीचा ठोका हवेतून जात नाही, स्लॅबमधून खाली उतरतो. खालच्या काकू जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अरे, तुझी ठकठक थेट आमच्या पंख्यातून येते बघ." तेव्हापासून टेबलाच्या पायांखाली जाड रबर, पाटाखाली सतरंजीची चौपदरी घडी, आणि ठोकायचं काम पायाच्या बरोबर वर, फळ्याच्या मध्यावर नाही. काकूंचा पंखा आता शांत आहे. नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हातकरवतीचा आवाज शेजारी जाणवत नाही, सर्क्युलर सॉचा (हातात धरून चालवायच्या गोल पात्याच्या विजेच्या करवतीचा) कोणत्याही वेळी जाणवतो.

मशीनपैकी घरात कायमचं आहे ते ५०० वॅटचं, १० मि.मी. चकचं इम्पॅक्ट ड्रिल. भिंतीला, लाकडाला, स्क्रूला, सगळ्याला तेच. टोकदार मध्य असलेले लाकडाचे बिट वेगळे घ्या, संचात मिळणारे धातूचे बिट लाकडात भरकटतात. कपाटाच्या ऑटो बिजागरीसाठी ३५ मि.मी.चा कटर लागतो, तोही याच ड्रिलवर चालतो, फक्त वेग कमी ठेवायचा.

दुसरं मशीन मकिता कंपनीचं ३७०९ ट्रिमर, म्हणजे फिरत्या बिटने कडा आणि खाचा कापणारं छोटं मशीन, ५३० वॅट, मिनिटाला ३०,००० फेरे. खाचा, कडांची गोलाई, लॅमिनेटची कड, सगळं झकास करतं. आवाज मात्र कान किटवणारा, म्हणून ते सोसायटीच्या परवानगीने गच्चीवर, शनिवारी सकाळी अकरानंतरच निघतं. त्याचे बिट घ्यायला गेलो तर नागदेवीच्या शेठने पहिला प्रश्न केला, "सिक्स एमएम या पाव इंच, पहले वो बोलो." प्रश्न बरोबर होता. पाव इंच म्हणजे ६.३५ मि.मी.; ६ मि.मी.च्या कॉलेटमध्ये (बिटचा दांडा आवळणाऱ्या पकडीत) तो जात नाही, आणि पाव इंचाच्या कॉलेटमध्ये ६ चा बिट आवळला तर तो फिरताना निसटू शकतो. ऑनलाइन मिळणारे बरेच संच पाव इंचाचे असतात, वर्णनात ही ओळ शोधूनच मागवा.

सर्क्युलर सॉ घेतला नाही. सात इंची सॉ साधारण १,४०० वॅट खातो, आणि ६ अँपिअरच्या साध्या प्लगची कुवत २३० व्होल्टला १,३८० वॅट, म्हणजे तो १६ अँपिअरच्या प्लगवरच लावायला हवा. आमच्याकडे असे प्लग गीझर आणि एसीचे. पण खरं कारण हे की आठ बाय चारचा प्लाय घेताना दुकानातच पॅनेल सॉवर कापून मिळतो, कापाचे थोडे पैसे घेतात, कडा सरळ येतात आणि तुकडे लिफ्टमध्ये मावतात. घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर कोणतंही मशीन लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पावसाळ्याने हत्यारांची खरी परीक्षा घेतली. जुलैत घामाच्या बोटांचे ठसे संध्याकाळपर्यंत तांबूस दिसतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेली किंवा चामड्याच्या म्यानात ठेवलेली पटाशी सर्वात आधी गंजते, दोन्ही ओल धरून ठेवतात. टिकलं ते हे: काम संपल्यावर कोरडं फडकं, मग शिवणयंत्राच्या तेलाचा हात, आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुरचुंड्या. जेलच्या मण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर जुन्या तव्यात परतून पुन्हा वापरता येतात, तवा स्वयंपाकाचा नको. रंध्याच्या तळाला मेणबत्ती घासली की गंजही धरत नाही आणि तो सरकतोही छान. खोबरेल तेल लावू नका, काही महिन्यांनी त्याचा चिकट थर होतो.

लाकूडही याच हवेत श्वास घेतं. पावसाळ्यात १६-१७ टक्क्यांवर गेलेला ओलावा जानेवारीत १२ च्या आसपास येतो, तेवढ्या फरकाने दहा इंच रुंद सागाची फळी दीड-दोन मिलिमीटर आकसते. देव्हाऱ्याची पाठ म्हणूनच मी चिकटवली नाही, खाचेत मोकळी बसवली. साग ओशिवऱ्याच्या रिलीफ रोडवर मोडलेल्या जुन्या दाराचा मिळाला, नव्यापेक्षा सुका आणि स्वस्त. करवत लावण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा, रंगाच्या थराखाली खिळ्यांची डोकी लपलेली असतात.

पुढची खरेदी ठरलेली आहे: दोन लांब पाइप क्लॅम्प आणि एक छोटा ब्लॉक रंधा. टेबल सॉबद्दल मेव्हणा दर रविवारी विचारतो. त्याच्याकडे बदलापूरला अंगण आहे, त्याने घ्यावा.