मेसा की रिग्ली: बेसबॉलचा वसंत कुठे बघावा?

मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेत मुलांकडे जायचं आहे आणि एक तरी बेसबॉल सामना बघायचा आहे, असं ज्यांनी ठरवलंय त्यांना मी दोन मैदानं सुचवते. दोन्ही शिकागो कब्ज या एकाच संघाची. अ‍ॅरिझोनात मेसा गावी सरावाचं स्लोन पार्क, आणि शिकागोत घरचं रिग्ली फील्ड.

फेब्रुवारीच्या मध्यात पिचर (चेंडू फेकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) सरावाला हजर झाल्याची बातमी आली, की बर्फाला कंटाळलेले शिकागोकर थंडी सरत आली असं मानतात. मेसात तेव्हा थंडी मागे पडलेली असते. मार्चमध्ये ऊन सोसवण्याजोगं, पालो व्हर्देची झाडं पिवळ्या फुलांनी भरायला लागलेली, आणि जुन्या संत्राबागांकडून बहाराचा वास. नागपूरकडच्या माणसाला तो लगेच ओळखू येईल. सीमेपलीकडे गवताचा उतार आहे, तिथे चादर पसरून बसता येतं. खेळाडू हाकेच्या अंतरावर असतात, सह्याही देतात. मात्र हे सराव सामने. निकाल मोसमात धरत नाहीत आणि मोठे खेळाडू काही इनिंग खेळून निघून जातात.

तिथल्या हिरवळीची एक गंमत आहे. बर्म्युडा गवत म्हणजे आपल्या हरळीच्या कुळातलं. ते थंडीत पिवळं पडतं, म्हणून पावसाळा सरल्यावर आपण रब्बी पेरतो तसं तिथे थंडीआधी त्याच्यावर राय गवताचं बी पेरतात. मार्चमधला हिरवा रंग त्या रायचा.

रिग्लीला अशी तयार हिरवळ मिळत नाही. 1914 सालचं हे मैदान हिवाळाभर गोठतं. गोठताना माती फुगते, वितळताना खचते. ती पुन्हा सपाट करायची, रोलर फिरवायचा, माउंड, म्हणजे पिचरचा उंचवटा, बरोबर 10 इंच उंच ठेवायचा. आपले क्युरेटर चेंडू किती उसळेल याची काळजी करतात. इथे चेंडू टप्पा न पडता येतो, म्हणून जास्त मेहनत पिचरचं पाऊल पडतं तिथल्या आणि बॅटर उभा राहतो तिथल्या चिकणमातीवर. ती कोरडी पडली तर भुगा होते, जास्त भिजली तर पाय घसरतो.

विटांच्या भिंतीवरची आयव्हीची वेल 1937 साली लावलेली. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे नुसत्या करड्या काड्या दिसतात, मेमध्ये भिंत पानांनी झाकते. मग चेंडू वेलीत अडकला तर बॅटरला दोन बेस (धावेच्या वाटेवरचे थांबे) मिळतात.

आईवडील सत्तरीचे असतील किंवा मुलं लहान असतील तर मेसाच घ्या. मिशिगन सरोवरावरून येणारा एप्रिलचा वारा हाडात शिरतो. एकटंदुकटं जाणार असाल तर मी रिग्लीच सांगेन, आणि तेही एप्रिलच्या उत्तरार्धात. मेसात वसंत आधीच आलेला असतो, रिग्लीत तो येताना दिसतो. शिकागोच्या लोकलच्या रेड लाइनने अ‍ॅडिसन स्टेशनला उतरलं की मैदान समोरच. जाड जॅकेट घ्या, आणि दार उघडताच आत जा: सामन्याआधी मातीवर पाणी मारून पांढऱ्या रेषा आखतात, ते बघायला.