प्रकाशनाच्या नावाखाली ३९,३०० रुपये गेले: पुस्तक काढू पाहणाऱ्या प्राध्यापकांसाठी

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात गणित शिकवते. रोजच्या व्यवहारातील गणित सामान्य वाचकाला समजावून सांगणारे पुस्तक मी दोन वर्षे, घरचे सगळे आवरून झाल्यावर, रात्री बसून लिहिले. दोन नामांकित प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवले. एकाचे उत्तरच आले नाही, दुसऱ्याने आठ महिन्यांनी साभार परत केले. पदोन्नतीच्या अर्जाची मुदत जवळ येत होती आणि राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १० गुण मिळतात, हे आपणा सर्वांना पाठ असते. शिकलेली माणसे फसतातच कशी, असे विचारणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

अशा वेळी एका प्रकाशनाकडून मला फोन आला. फोन करणारे गृहस्थ शुद्ध, अदबशीर मराठी बोलत. हस्तलिखित मागवून घेतल्यावर दोन दिवसांनी त्यांनी माझ्या प्रस्तावनेतील एक परिच्छेद मला फोनवर वाचून दाखवला. माझे लिखाण कोणी मोठ्याने वाचल्याचे मी त्या दिवशी प्रथमच ऐकले आणि तिथेच माझा निर्णय झाला. प्रकाशन खर्चाचे १८,५००, मुखपृष्ठ व चित्रांचे ७,०००, 'आयएसबीएन (म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) व कॉपीराइट नोंदणी'चे ४,८०० आणि शेवटी एका राज्यस्तरीय विज्ञानलेखक पुरस्काराच्या 'नोंदणी'चे ९,००० रुपये मी भरले. चारही वेळा पैसे एका व्यक्तीच्या बचत खात्यावर गेले. यूपीआयवर प्रकाशनाचे नाव एकदाही दिसले नाही. जो पुरस्कार घेण्यासाठी आपणच पैसे भरायचे, तो पुरस्कार नव्हे, हे तरी मला कळायला हवे होते.

मात्र मी स्वतःला क्षमा करू शकत नाही ती वेगळ्याच गोष्टीसाठी. माझ्या पुस्तकाचे सातवे प्रकरण तपासणी अंकांवर, म्हणजे क्रमांकातली चूक पकडण्यासाठी त्याच्या शेवटी जोडलेल्या अंकांवर आहे. आयएसबीएनच्या १३ अंकांपैकी पहिला तसाच घ्यायचा, दुसऱ्याची तिप्पट करायची, तिसरा तसाच, चौथ्याची तिप्पट, असे शेवटपर्यंत करून येणाऱ्या बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. एक जरी अंक चुकला तरी ही बेरीज तो पकडते, हे मीच उदाहरणासह लिहिले आहे. पुस्तकाचा क्रमांक मला ईमेलने आला, तेव्हा पुरस्काराचे ९,००० रुपये अजून माझ्याजवळ होते. तो क्रमांक मी आनंदाने दोनदा वाचला, पदोन्नतीच्या अर्जात उतरवला आणि बेरीज केली नाही. ती करायला अर्धा मिनिटही लागत नाही. पुढे आमच्या ग्रंथपाल प्रत दाखल करून घेत असताना म्हणाल्या, "मॅडम, हा नंबर सॉफ्टवेअर घेत नाही." मी त्यांच्या टेबलावरच कागद ओढून बेरीज केली. ती ९४ आली.

भारतात आयएसबीएन मोफत मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही तिच्याकडे अर्ज करता येतो. कॉपीराइट तर लिहिल्याबरोबरच तुमचा असतो. नोंदणी सक्तीची नाही आणि करायचीच झाली तर लिखित कृतीसाठी सरकारी शुल्क ५०० रुपये आहे.

ठरल्या होत्या २०० प्रती, आल्या ३५. फाँट बदलताना रफार निसटले आणि घातांक खाली उतरले, त्यामुळे दोनाचा दहावा घात '२१०' असा छापला गेला आणि त्याची किंमत १०२४ असल्याचे माझ्या नावाने लिहिले गेले. ते पान मी कोणत्या विद्यार्थ्याला दाखवू? मुद्रणप्रत तुम्ही स्वतः तपासून सही केल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

पोलीस ठाण्यात मला दोन तास बसवून ठेवले आणि 'हा दिवाणी मामला आहे' असे सांगितले. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तर पैसे तुम्ही स्वखुशीने दिले आहेत, असे उत्तर मिळाले. पुन्हा ठाण्यात गेले, तेव्हा प्रकाशक ज्या जिल्ह्यात आहे तिथे जा, असे सांगण्यात आले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची खबर घ्यावीच लागते, ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मी ते कलम छापून नेले होते. साहेबांनी तो कागद न वाचताच परत दिला. विद्यापीठाने कळवले की, हा विषय महाविद्यालयाचा आहे. आणि महाविद्यालयाने काय केले, तर अर्जात चुकीची माहिती दिल्याबद्दल मलाच खुलासा मागणारे पत्र दिले! फसवणूक करणाऱ्याला आजवर कोणी एक प्रश्न विचारलेला नाही. लेखी उत्तरे मात्र मी तीन ठिकाणी दिली आहेत. गुणांसाठी पुस्तके काढायला लावणाऱ्या व्यवस्थेने ती कोण छापतो हे कधीतरी पाहायला नको का?

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. तुम्हालाही असा फोन आला असेल, तर त्या प्रकाशनाच्या एखाद्या जुन्या लेखकाशी स्वतः बोला आणि क्रमांक मिळाला की बेरीज करा. पैसे आधीच गेले असतील, तर पावत्या आणि संदेश पुसू नका, लाजेपोटी गप्पही बसू नका. मी चार महिने गप्प बसले होते. त्या काळात माझ्याच ओळखीच्या एका सहकाऱ्यांनी त्याच खात्यात १८,५०० रुपये भरले.