हायपरटॉनिक सलाईन आणि फुंकायचं यंत्र : सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या लेकीसाठी पावसाळा ते पावसाळा वापरल्यावर

आम्ही फोंड्याला राहतो. मुलगी दहा वर्षांची, तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे फुप्फुसांत घट्ट कफ साचणारा जन्मजात, आनुवंशिक आजार. गेल्या चवथीच्या थोडं आधी डॉक्टरांनी तिला नेब्युलायझरमधून (औषधाचा बारीक फवारा करून श्वासावाटे देणारं यंत्र) ७ टक्के हायपरटॉनिक सलाईन, म्हणजे जास्त खारं मिठाचं पाणी, आणि त्यापाठोपाठ हातात धरून फुंकायचं थरथरणारं यंत्र सुरू केलं. फिजिओथेरपीत त्याला ऑसिलेटिंग पेप म्हणतात. आता पुन्हा पाऊस लागलाय. गोव्यात हा आजार असलेली घरं थोडी, मराठीत लिहिलेलं त्याहून थोडं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कफाबद्दल, कारण ते कळल्याशिवाय या दोन वस्तूंचं मोल कळत नाही. निरोगी माणसाच्या श्वासनलिकेतल्या कफात ९७-९८ टक्के पाणी असतं. या आजारात सीएफटीआर जनुकातल्या बिघाडामुळे पेशींतून क्लोराइड नीट बाहेर येत नाही, त्यामागून येणारं पाणीही येत नाही, आणि कफातला घन भाग कित्येक पटींनी वाढतो. असा कफ नुसता घट्ट नसतो, लवचीकही असतो. भेंडी चिरताना तार ताणली जाते आणि सोडली की मागे येते, तसा तो खोकल्याने ताणला जातो आणि जागच्या जागी परततो. शिवाय जंतुसंसर्गाशी लढताना मेलेल्या पांढऱ्या पेशींचे डीएनएचे लांब धागे त्यात गुंततात. एरवी कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस या ओझ्याखाली दबून जातात. मूल जोर लावून खोकतं, डोळ्यांत पाणी येतं, तरी बेडका सुटत नाही, त्याचं कारण हे. तिला 'नीट खोक' म्हणून रागावू नका, एवढं मी प्रत्येक आजी-आजोबांना सांगेन.

खारं पाणी श्वासनलिकेत पोचलं की ऑसमॉसिसने आतलं पाणी पृष्ठभागावर ओढून घेतं आणि कफ पातळ होतो. ऑस्ट्रेलियात सर्फिंग करणाऱ्या रुग्णांची फुप्फुसं तुलनेने बरी दिसली, तिथून या उपचाराला जोर मिळाला. २००६ साली तिथल्या १६४ रुग्णांवरचा ४८ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज दोनदा ४ मिली, ७ टक्के. फुप्फुसांची क्षमता थोडीच सुधारली, पण आजार एकदम बळावण्याचे प्रसंग निम्म्याहून कमी झाले. हे वाचून आमच्याकडे नातेवाईक म्हणाले, मग रोज मिरामारच्या किनाऱ्यावर न्या की! समुद्राच्या वाऱ्यात इतकं मीठ नसतं. किनाऱ्यावर जरूर जा, मूल धावेल, तेही हवंच आहे, पण नेब्युलायझर चुकवू नका.

यंत्राचं काम वेगळं. कफाचा एक गुण असा की त्याला झटके बसले, तो घासला-हलवला गेला, की तो तेवढ्यापुरता सैल होतो. फुंकताना आतली चुंबक लावलेली तरफ हवा सेकंदाला दहा-वीस वेळा अडवते-सोडते, छातीवर हात ठेवला तर थरथर लागते. त्याच वेळी विरुद्ध दाबामुळे बारीक नळ्या मिटत नाहीत आणि हवा कफाच्या मागे पोचते. पोलादी गोळीवालं यंत्र ठरावीक कोनातच धरावं लागतं, तरफेचं कसंही चालतं. लहान मुलांसाठी मी तरफेचंच सुचवेन.

माझं ठाम मत : यातली एकच वस्तू घेऊन उपयोग नाही आणि क्रम मोडायचा नाही. आधी साल्ब्युटामॉल, म्हणजे श्वासनलिका रुंदावणारं औषध, कारण सलाईनने छाती आवळू शकते. मग सलाईन, मग यंत्र आणि हफ, म्हणजे आरशावर वाफ धरतो तसा घसा उघडा ठेवून सोडलेला जोरकस श्वास. श्वासावाटे घ्यायचं अँटिबायोटिक असेल तर ते शेवटी, मोकळ्या झालेल्या नळ्यांत. परीक्षेच्या दिवसांत सलाईन राहून नुसतं यंत्र झालं, तेव्हा थरथर तीच होती, बेडका मात्र जेमतेम. पहिल्यांदा सलाईन डॉक्टरांसमोरच द्या.

त्रासही सांगते. सुरुवातीचे काही आठवडे खारट चव, घशात खवखव आणि खोकल्याची उबळ. ३ टक्के सलाईन औषधाच्या दुकानात मिळतं, ७ टक्के आम्हाला मागवून ठेवावं लागतं. नेब्युलायझरला हवा पुरवणाऱ्या विजेवरच्या कॉम्प्रेसरचा आवाज मोठा, आणि पावसात लाईट गेली की बसून राहायचं. बॅटरीवरचा मेश नेब्युलायझर, म्हणजे बारीक जाळीतून फवारा करणारा, शांत आणि झटपट असतो, पण मिठाने त्याच्या जाळीची भोकं बुजतात. आम्ही रोजच्याला कॉम्प्रेसर आणि प्रवासाला मेश, असं ठरवलंय.

खरा वेळ जातो तो सफाईत. नेब्युलायझरच्या औषध घालायच्या ओल्या कपात स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढू शकतो आणि या मुलांच्या फुप्फुसात तो शिरला तर घालवणं फार कठीण. कप प्रत्येक वेळी साबणाने धुवायचा, पुस्तिकेत चालेल असं लिहिलं असेल तर रोज पाच मिनिटं उकळायचा आणि पूर्ण वाळवायचा. जून-जुलैत फोंड्याच्या हवेत काहीच वाळत नाही. स्वच्छ कागदी टॉवेलवर ठेवून पंखा लावते, नळी काही वेळ कॉम्प्रेसरवर चालू ठेवून आतून कोरडी करते.

गुण आला का? पूर्वी सकाळी ती हिरवट, तुटत नसलेला कफ काढायची, आता बहुतेक दिवशी तो फिकट असतो आणि लवकर सुटतो. रात्रीची झोप बरी झाली. हिवाळ्यात एकदा ॲडमिट करावं लागलंच. मूळ बिघाडावर काम करणारी तीन औषधांची गोळी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाली. तिची किंमत आमच्या आवाक्यात नाही, शिवाय ती जनुकातल्या प्रत्येक प्रकारच्या बिघाडाला (म्युटेशनला) लागू पडत नाही.

घेणार असाल तर नेब्युलायझरचे कप दोन घ्या, म्हणजे एक वाळत असताना दुसरा हाताशी राहतो.