लिस्पमध्ये अनाम फंक्शन थोडक्यात लिहिणारे मॅक्रो : कोणता पर्याय घ्यावा?

हिंगणघाट परिसरातील एखाद्या जिनिंगच्या कापूस खरेदीच्या पावत्या कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत हाताळायच्या असतील, तर जास्त ओलाव्याच्या गाड्या वेगळ्या काढण्यासारखी छोटी अनाम फंक्शने (नाव न देता जागच्या जागी लिहिलेली) वारंवार लागतात. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) 12 टक्क्यांवरील ओलाव्याचा कापूस घेत नसल्यामुळे ही चाळणी टाळता येत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी (लॅम्डा (प) (> (ओलावा प) 12)) लिहिणे कंटाळवाणे होते.

यावर उपाय म्हणजे मॅक्रो, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी थोडक्यात लिहिलेल्या मजकुराचा पूर्ण कोड करून देणारा नियम. पहिला पर्याय लॅम्डाचे केवळ नाव लहान करण्याचा आहे: (डेफमॅक्रो फन (अ &बॉडी ब) `(लॅम्डा ,अ ,@ब)). यात पॅरामीटरला नाव राहते, त्यामुळे एका शेतकऱ्याच्या फंक्शनच्या पोटात पावत्यांचे दुसरे फंक्शन आले तरी घोटाळा होत नाही. अडचण एवढीच, की लॅम्डा यादीच्या पहिल्या जागी ठेवून थेट चालवता येतो, तसा फन चालत नाही. तेथे फंक्शन चालवण्यासाठी फनकॉल लिहावा लागतो.

दुसऱ्या पर्यायात फ या मॅक्रोमुळे पॅरामीटर लिहावाच लागत नाही, त्याच्या जागी नेहमी _ येतो: (फ (> (ओलावा _) 12)). हे फारच सुटसुटीत दिसते. मात्र फ च्या आत फ आला, की आतला _ बाहेरच्या _ ला झाकतो, आणि शेतकऱ्याचा दर आत हवा असेल तर तो मिळत नाही. शिवाय मॅक्रो एका पॅकेजमध्ये (नावांच्या स्वतंत्र कप्प्यात) आणि वापर दुसऱ्यात असेल, तर दोन्हीकडचे _ हे वेगळे सिम्बॉल (नावे) ठरतात. म्हणून ते चिन्ह एक्स्पोर्ट करून तेथे इम्पोर्ट करावे लागते.

तिसरा पर्याय रीडर मॅक्रोचा, म्हणजे कोड वाचतानाच एखाद्या चिन्हाला नवा अर्थ देण्याचा; आर्क या लिस्प भाषेप्रमाणे [> (ओलावा _) 12]. चौकोनी कंस कॉमन लिस्पने वापरकर्त्यासाठी मोकळे ठेवले आहेत, क्लोजर या दुसऱ्या लिस्प भाषेसारखे #( मात्र घेऊ नये, कारण कॉमन लिस्पमध्ये त्याचा अर्थ व्हेक्टर (मूल्यांची रांग) असा असतो. (क्लोजरने तर असे फंक्शन एकात एक लिहिण्यास मनाईच केली आहे.) सगळ्यांत कमी अक्षरे येथेच लागतात, तरीही मला हा पर्याय महाग वाटतो: फाइल लोड करताना रीडटेबलचा (चिन्हांचे अर्थ ठरवणाऱ्या तक्त्याचा) व्हेरिएबल पुन्हा बांधला जातो, पण टेबल तेच राहते, त्यामुळे त्यात केलेला बदल पुढच्या फाइलींतही उतरतो. ते टाळण्यासाठी टेबलाची प्रत करून वापरावी लागते किंवा नेम्ड-रीडटेबल्ससारखी लायब्ररी घ्यावी लागते.

स्कीम या लिस्प भाषेतील एसआरएफआय 26 या प्रस्तावातला कट (काही जागा रिकाम्या ठेवून फंक्शन बनवणारा मॅक्रो) येथे उपयोगी नाही, कारण त्याची रिकामी जागा आतल्या कंसात पोहोचत नाही.

हंगाम संपल्यावर प्रोग्राम लिहिणारा मुलगा नागपूरला शिकायला जाणार आणि फाइल दुसऱ्याच्या हाती पडणार असेल, तर फन घ्यावा. एकट्याने, एका पॅकेजमध्ये आणि एकाच ओळीपुरते काम असेल, तर _ चालेल.