झुलता पूल आणि नदीकाठची वाट : कोल्हापुरातून एका दिवसाची सहल

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही घरचे चौघे कोल्हापुरातील एका सहल आयोजकाबरोबर गगनबावड्यावरून घाट उतरून तळकोकणात गेलो, तेथील एका गावाचा झुलता पूल ओलांडला, नदीकाठाने चाललो आणि त्याच रात्री परत आलो. माणशी १,६०० रुपये घेतले, ज्यात प्रवास, नाश्ता, जेवण, वाटाड्या आणि एका दिवसाचा विमा धरलेला होता. आयोजकाचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या मी त्यांच्या कानावर समक्ष घातल्या आहेत. गावाचे नावही देत नाही, मात्र त्यामागचे कारण वेगळे आहे. तो पूल पलीकडच्या वाडीतील माणसांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा आहे, शाळेची मुले त्यावरून जातात, गवताचे भारे त्यावरून येतात. आणि जून २०२५ मध्ये मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळून चौघांचा जीव गेल्यानंतर, अशा पुलाचा पत्ता सर्वांना वाटत सुटणे मला बरे वाटत नाही.

सकाळी सहाला रंकाळ्यावरून निघायचे ठरले होते. प्रत्यक्षात निघायला सहा वाजून पन्नास मिनिटे झाली, कारण बाहेरगावचे एक कुटुंब वेळेवर पोहोचले नव्हते आणि त्यांची वाट पाहण्याचा निर्णय बाकीच्यांना न विचारता घेतला गेला. दुसरी गोष्ट तेथेच लक्षात आली. जाहिरातीत एका गटात कमाल २५ जण असे छापलेले असताना दोन टेम्पो ट्रॅव्हलर भरून आम्ही ३८ जण होतो. या दोन गोष्टींनी पुढचा सगळा दिवस कसा आखडला ते ओघाने येईलच.

फुलेवाडी, बालिंगा, कळे, असळज हा रस्ता कोल्हापूरकरांना नवा नाही. गगनबावडा शहरापासून सुमारे ५५ किलोमीटर आहे आणि तेथून करूळ व भुईबावडा हे दोन घाट फुटतात. करूळ घाट रुंदीकरणासाठी मध्यंतरी बराच काळ बंद होता, त्यामुळे गाडीतल्या पुष्कळांना तो कित्येक दिवसांनी उतरायला मिळत होता आणि सगळे खिडक्यांना चिकटले होते. नाश्त्याची मिसळ बेताची होती. गगनगडाचा थांबा कार्यक्रमपत्रिकेत होता, तो उशिरापायी गाळला गेला. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, ना आयोजकांनी ना आम्ही.

पुलाशी पोहोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. मी उद्यमनगरात सव्वीस वर्षे मशिन शॉप चालवतो आहे, त्यामुळे पुलावरून दिसणाऱ्या दृश्याआधी माझी नजर पूल कशावर उभा आहे तिकडे गेली, आणि घरच्यांनी नेहमीप्रमाणे कपाळाला हात लावला. पूल साधारण ६० मीटर लांबीचा असावा. दोन्ही काठांना लोखंडी मनोरे, त्यांवरून गेलेले दोन जाड वायर रोप, त्यांना लोंबणाऱ्या सळ्या आणि सळ्यांवर पेललेली, दोन माणसे जेमतेम शेजारून जातील एवढी वाट. रोप मनोऱ्यावरून मागे उतरून काँक्रीटच्या भक्कम ठोकळ्यात अडकवलेले आहेत. सगळा भार शेवटी त्या ठोकळ्यावर येतो, आणि फोटो काढणाऱ्या एकाही माणसाचे तिकडे लक्ष जात नाही.

रोपाला मध्ये झोळ का आहे, तो ताणून सरळ का बांधला नाही, असे माझ्या पुतणीने विचारले. प्रश्न चांगला होता. कपडे वाळत घालायची दोरी जितकी सरळ ताणावी तितकी ती एका ओल्या चादरीने तुटण्याची भीती वाढते, तसेच येथे आहे. भार तोच ठेवून झोळ निम्म्यावर आणला तर रोपातला ताण जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून झुलत्या पुलाला झोळ हवा आणि थोडे हलणेही हवे. मात्र सगळ्यांनी एका ठेक्यात पावले टाकली तर हेच हलणे अंगावर येते. १८३१ मध्ये इंग्लंडमधील ब्रॉटन येथे कवायतीच्या पावलांनी जाणाऱ्या सैनिकांखाली असाच पूल कोसळला आणि तेव्हापासून पुलावर पाऊल मोडून चालण्याचा हुकूम तेथील सैन्यात आला. लंडनचा मिलेनियम पूल तर २००० साली उघडल्यावर दोनच दिवसांत बंद करावा लागला, कारण चालणाऱ्यांच्या पावलांनी तो आडवा डोलू लागला होता.

येथे मात्र आयोजकांना पूर्ण गुण द्यावे लागतील. पुलाच्या तोंडाशी गावातले एक वयस्कर गृहस्थ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, आणि त्यांच्या शब्दाबाहेर जायचे नाही हे वाटाड्याने गाडीतच बजावले होते. "एका वेळी धाच माणसां जाऊक दे," असे म्हणून त्यांनी खरोखरच अकराव्या माणसाला हाताने मागे सारले. तो अकरावा माझाच मेहुणा होता. एका तरुणाने मध्यावर जाऊन मुद्दाम उड्या मारायला सुरुवात केली, तेव्हा वाटाड्याने शिट्टी वाजवून त्याला परत बोलावले आणि सर्वांत शेवटी, एकट्याला पाठवले. ही शिस्त मला फार आवडली. फक्त ३८ जणांना दहा-दहाच्या टोळ्यांनी पलीकडे न्यायला, त्यात प्रत्येकाच्या छायाचित्रांचा वेळ धरून, तासभर गेला. २५ जण असते तर पुष्कळ वेळ वाचला असता.

आता क्लिपांविषयी. ठोकळ्याच्या कडीतून रोप वळवून परत स्वतःशीच बांधतात, तेथे यू-बोल्टच्या क्लिपा लावतात. क्लिपेचा खोगिरासारखा बसका भाग भार घेणाऱ्या रोपाकडे यावा आणि यू-बोल्ट कापलेल्या टोकाकडे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे, कारण उलटी लावलेली क्लिप भार घेणाऱ्या रोपालाच चावते. अलीकडच्या काठावर एका रोपाला चार क्लिपा होत्या आणि त्यांतली एक उलटी होती. तेवढ्याने पूल पडत नाही. बाकीच्या तीन घट्ट होत्या आणि हाताला लागेल तेथपर्यंत मी रोपावरून रुमाल फिरवून पाहिला, तो कोठेही अडकला नाही, म्हणजे तेवढ्या भागात तुटलेल्या तारांचे काटे निघालेले नव्हते. पण ग्रीस बऱ्याच दिवसांत लागलेले दिसले नाही. मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर खुला झाला आणि काही दिवसांतच, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळून १३५ माणसे गेली, तेव्हा चौकशीत एका मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या असे निघाले. वरची वाट नवी केली होती. जुना दोर तसाच राहिला होता. हे वाचल्यापासून मी कोणत्याही पुलाचा रंग पाहत नाही.

मी क्लिप वाटाड्याला दाखवली. पंचविशीतला मुलगा, पण त्याने "काका, तुम्ही नका काळजी करू" असे म्हणून वाटेला लावले नाही. चारही क्लिपांचे फोटो घेतले आणि कोणती बाजू कोठे हवी ते मला वहीत काढून दाखवायला सांगितले. पुढे चालताना तो कर्नाटकातल्या सुळ्य येथील गिरीश भारद्वाज यांच्याविषयी बोलत होता, ज्यांनी यंत्र अभियांत्रिकी शिकून दुर्गम गावांसाठी असे शंभराहून अधिक झुलते पूल बांधले आणि ज्यांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. वाटाड्याची निवड चांगली आहे, हे मी आयोजकांना लेखी कळवले आहे.

पूल ओलांडल्यावर सुरू होणारी नदीकाठची वाट हा या सहलीचा खरा ऐवज आहे आणि जाहिरातीत तिला एक ओळ दिलेली आहे. ठरल्याप्रमाणे पलीकडच्या काठाने वर साडेतीन किलोमीटर जायचे, तेथे गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडायची आणि अलीकडच्या काठाने परत यायचे, असे सात किलोमीटरांचे चालणे होते. आम्ही दोनच किलोमीटरांवरच्या पहिल्या कोंडीपाशी वळलो, म्हणजे चार किलोमीटरांत सगळे आटोपले. आपण ज्याला डोह म्हणतो त्याला तेथे कोंड म्हणतात, आणि दुसरी, मोठी कोंड पाहायची राहिली.

जे चाललो ते मात्र मनासारखे होते. वाट पहिल्यांदा कापणीच्या भातखाचरांच्या बांधांवरून जाते आणि मग एकदम करंज, उंबर आणि जांभळांच्या सावलीत शिरते. पंचगंगेच्या घाटावर वाढलेल्या आणि दर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पाहून वैतागलेल्या माणसाला पाण्याचा तळ दिसणे हीच मोठी गोष्ट वाटते. वाटाड्याने एका ठिकाणी सर्वांना पाच मिनिटे गप्प बसायला सांगितले. ३८ जणांचा गट पाच मिनिटे गप्प बसत नाही, पण दोनएक मिनिटे तरी बसला, आणि तेवढ्यात समोरच्या दगडावर एक खंड्या आला, पाण्यात सूर मारून परत त्याच दगडावर बसला आणि चोचीतला मासा दगडावर आपटू लागला. तो आपटण्याचा बारीक, ओला आवाज पलीकडच्या काठापर्यंत ऐकू येत होता. माझ्या पुतणीने फोन काढलाच नाही. ही नोंद तिच्या आईच्या आग्रहावरून करतो आहे.

पाणी ओलांडताना दोर बांधला होता आणि वाटाडे वर-खाली उभे होते. दगड शेवाळलेले आहेत, त्यामुळे चपला किंवा नवे स्पोर्ट्स शूज घालून जाऊ नये. जुने, तळाला खाचा असलेले बूट आणि कोरडे मोजे बरोबर असावेत. ही सूचना आयोजकांनी आदल्या दिवशी पाठवायला हवी होती, ती नदीत पाय टाकताना मिळाली. सत्तरीच्या दोन बाई आमच्याबरोबर होत्या आणि त्या सुखरूप चालल्या, पण गुडघ्यांचा त्रास असणाऱ्याने पुलापर्यंतच येऊन थांबलेले बरे.

जेवण वाडीतल्या एका घरी होते. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, एक सुकी भाजी, भात आणि सोलकढी. आमच्यातल्या काहींनी तांबड्या-पांढऱ्याची चौकशी केली, त्याला माझा नाइलाज आहे. घरच्या काकूंनी मागेल त्याला चौथी भाकरीही गरमच वाढली. एवढ्या माणसांसाठी चुलीवर भाकऱ्या थापायला त्या पहाटे चारला उठल्या होत्या, हे त्यांच्या सुनेकडून कळले.

सर्वांत मोठी उणीव स्वच्छतागृहाची आहे. गगनबावडा सोडल्यापासून जेवणाच्या घरापर्यंत, म्हणजे सुमारे पाच तास, बायकांसाठी कोणतीही सोय नव्हती. गावच्या शाळेत सोय होईल असे सांगितले होते, पण रविवार असल्याने शाळेला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे असते हे आधी विचारून ठेवायचे कोणाला सुचले नव्हते. माझी पत्नी सकाळपासून पाणी टाळत होती, ते मला परतीच्या गाडीत समजले. १,६०० रुपये घेणाऱ्याने आदल्या दिवशी एक फोन करायला काही हरकत नव्हती.

पैशांचे विचारले तेव्हा वाटाड्याने सरळ उत्तर दिले. जेवणाचे माणशी दीडशे त्या घराला जातात आणि पुलाच्या देखभालीसाठी माणशी वीस रुपये गावाला. सगळी सहल ज्या पुलाच्या नावावर विकली जाते, त्याच्या वाट्याला १,६०० मधले वीस! त्या दिवसाचे ३८ जणांचे ७६० रुपये झाले. त्यात ग्रीसचा डबा येईल, पण वर्षातून एकदा जाणकार माणूस आणून दोन्ही रोप टोकापासून टोकापर्यंत तपासून घ्यायचे तर ते पुरणार नाहीत. ही रक्कम माणशी शंभर करावी, हवे तर दर वाढवावा, असे मी आयोजकांना सुचवले आहे. त्यांनी विचार करतो म्हटले.

येताना नाधवड्याच्या महादेव मंदिराजवळचा उमाळा पाहायचा होता, जेथे जमिनीतून पाणी आपोआप उसळून येते. अंधार पडू लागल्याने तेही राहिले. नापणे धबधब्यावर २०२५ मध्ये काचेचा पूल झाल्यापासून गाडीतल्या पुष्कळांना तिकडेच जायचे होते आणि त्यावरून घाट चढेपर्यंत वाद चालला. रात्री साडेनऊला रंकाळ्यावर उतरलो.

मी पुन्हा जाणार आहे, डिसेंबरात, गट २५ च्या आत असेल तरच, आणि तसे लिहून घेऊन. ज्यांना केवळ पुलावरचा फोटो हवा आहे त्यांनी एवढा खर्च आणि पंधरा तास घालवू नयेत. ज्यांना चालायचे आहे त्यांनी नोंदणी करतानाच चालणे सात किलोमीटरांचे होणार का हे विचारावे.

दहा दिवसांनी वाटाड्याचा फोटो आला. चौथी क्लिप सरळ बसवलेली होती, तिच्यावर नवे ग्रीस चमकत होते आणि कोपऱ्यात त्या खुर्चीतल्या गृहस्थांच्या हातातला पाना दिसत होता. खाली प्रश्न होता : काका, पलीकडच्या काठावर पण दोन उलट्या सापडल्या, त्या काढताना रोपाला आधी आधार द्यायचा का? मी लगेच फोन लावला आणि आधार दिल्याशिवाय नट सैल करू नका, शक्य तर मी येईपर्यंत थांबा, असे सांगितले.